विश्लेषण : मूळ पुरुष मालवणचा, पण घर कोणते? मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचा शोध गावात येऊन का अडतो?

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या दौऱ्यावर असताना एक महत्त्वाची घोषणा झाली. मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या नागरिकांना ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजेच ओसीआय कार्डासाठी पात्र धरण्याची विशेष तरतूद भारताने मान्य केली. एरवी ही सवलत भारतीय नागरिकाच्या पणतवंडांपर्यंतच मिळते. सातव्या पिढीचा हिशेब सोपा आहे. १८५०च्या आसपास गेलेल्या माणसाचे आज विशी-तिशीत असलेले वंशज साधारण त्याच पिढीत येतात.

या वंशजांत दक्षिण कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही आहेत. कार्डासाठी त्यांना पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा लागतो आणि तो मॉरिशसमध्ये मिळतो. पण पुरावा हाती आला की पुढचा प्रश्न उभा राहतो. आपले गाव कोणते? घर कोणते? भाऊबंद कोण? हे प्रश्न घेऊन कुणी सिंधुदुर्गात आले, तर त्याला नेमके कुठे पाठवायचे, याचे उत्तर आज कोणत्याही एका कार्यालयाकडे नाही. ते असायला हवे, आणि ते केवळ पाहुण्यांच्या सोयीसाठी नको. त्यात आपलाही इतिहास अडकला आहे.

कोण गेले, कधी गेले?

मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपल्यावर ऊसमळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कोलकात्याहून मजुरांना घेऊन पोर्ट लुईला पोहोचले. त्यानंतरच्या सात-आठ दशकांत सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर तिथे गेले. कराराला ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. त्याचे झाले ‘गिरमिट’ आणि माणसे झाली ‘गिरमिटिया’. ज्या धक्क्यावर ती उतरली, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

यातले बहुतेक कोलकाता बंदरातून गेलेले बिहार-उत्तर प्रदेशकडचे. त्याखालोखाल मद्रासमार्गे गेलेले. मुंबईहून गेलेले सर्वांत कमी. त्यांची ये-जा मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची. या मुंबईकर गटात कोकणातली माणसे मोठ्या संख्येने होती. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, राजापूर या भागातून माणूस आधी मुंबईला यायचा आणि तिथून जहाजावर चढायचा. काही करार संपल्यावर परतले, बाकीचे तिथलेच झाले. आज मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरणही झाले. भाषा आणि देव टिकले. हरवला तो गावाचा पत्ता.

तिकडची नोंद काय सांगते?

मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने मॉरिशसमधील या नोंदींचा समावेश ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या यादीत केला. मळ्यावर गेलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळत असे. त्यापुढे जहाज, आगमनाची तारीख, नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव आणि कोणत्या मळ्यावर पाठवले, असे रकाने. सुरुवातीच्या नोंदी त्रोटक आहेत, नंतरच्या भरगच्च. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांना छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे झाले. हेतू पहाऱ्याचा होता. पण त्यामुळे हजारो माणसांचे चेहरे आज उपलब्ध आहेत.

शोधाची रीतही ठरलेली आहे. वंशज आधी मॉरिशसच्या नागरी नोंदणी कार्यालयातून स्वतःपासून मागे जात प्रत्येक पिढीचे जन्म आणि विवाहाचे दाखले मिळवतो. जहाजाने आलेल्या पूर्वजाचा क्रमांक सापडला की मोकाच्या वहीतला उतारा मिळतो. तिथपर्यंत रस्ता सरळ आहे.

मग शोध अडतो कुठे?

पहिली अडचण जिल्ह्याची. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीच्या कोणत्याही वहीत जिल्हा म्हणून हे नाव सापडणार नाही. मालवण आणि वेंगुर्ले १८१२ मध्ये ब्रिटिशांकडे आले आणि पुढे रत्नागिरीत गेले. सावंतवाडी आणि कुडाळ संस्थानात होते, ते १९४८ पर्यंत. म्हणजे आज शेजारी असलेल्या दोन गावांची कागदपत्रे दोन वेगळ्या राजवटींची आहेत. मालवणच्या माणसाने ‘रत्नागिरी’ शोधायचे आणि कुडाळच्या माणसाने ‘सावंतवाडी’, हे आधी सांगणारे कुणीतरी हवे.

दुसरी अडचण लिहिणाऱ्याच्या कानाची. नाव सांगणारा मालवणी बोलणारा, लिहिणारा इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाचा कारकून. ब्रिटिश कागदांत वेंगुर्ले ‘विंगोर्ला’ होते आणि मालवण कधी ‘मेलुंडी’. तालुक्याच्या मोठ्या बंदरांची ही गत, तर पोईप, हडी, चौके, देवबाग यांचे काय झाले असेल? शिवाय वायंगणी मालवण तालुक्यात आहे आणि वेंगुर्ल्यातही. कोकणात गावापेक्षा वाडी जवळची. आंगणेवाडी सगळ्यांना माहीत असते, पण ती मसुरे गावची वाडी आहे. एका भावाने गाव सांगितले आणि दुसऱ्याने वाडी, तर वहीत ते दोन वेगळ्या गावचे ठरतात.

तिसरी अडचण आडनावाची. त्या काळी सामान्य माणूस स्वतःचे आणि बापाचे नाव सांगायचा. मॉरिशसमध्ये बापाचे, नाहीतर आजाचे नाव पुढे घराण्याचे नाव झाले. समजा, एखाद्या कुटुंबाचे तिथले आडनाव ‘रामजी’ आहे. गावात येऊन ‘रामजी कुटुंब कुठे राहते?’ असे विचारले, तर उत्तर मिळणार नाही. ते राणे असतील, परब असतील, घाडी असतील किंवा आणखी कुणी.

गावाकडे कोणते कागद आहेत?

बरेच आहेत, पण प्रत्येकाची एक मर्यादा आहे. ती माहीत नसली की महिनोन्‌महिने वाया जातात.

सातबारा आणि फेरफार : मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. फेरफाराच्या नोंदी त्यानंतरच्या. १८५५ ला गेलेल्या माणसाचे नाव त्यात येणार नाही; येईल ते त्याच्या मागे राहिलेल्या भावाच्या मुला-नातवंडांचे. म्हणून शोध सरळ वर चढत नाही, तो आडवा घ्यावा लागतो. गेलेला माणूस राहिलेल्या भावकीतून सापडतो. वारस नोंदवही म्हणजे गाव नमुना ६-क इथे उपयोगी पडते.

गाव नमुना १४ : कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची जुनी वही. बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची सापडली तरी नशीब. अक्षर मोडी.

शाळेचे जनरल रजिस्टर : मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख. जी मुले शाळेत गेली, त्यांचेच.

खोती आणि महसुली दप्तर : जिथे खोती होती, तिथे खोताकडच्या कागदांत कुळांची नावे मिळू शकतात. ब्रिटिश सरकारचा मुंबईतला पत्रव्यवहार पुराभिलेख विभागात, काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या : नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे गावनिहाय आणि कुळनिहाय नावे असतात. पूर्वज यात्रेला गेला असेल, तर एका पानावर चार पिढ्या मिळतात. तेवढा प्रवासखर्च ज्याला परवडत होता, त्याच्याच.

या सगळ्यांखेरीज एक नोंद कागदावर नाही. ती सुतकात आहे. कोकणात अनेक भावक्या अशा आहेत की, नेमके नाते कुणाला सांगता येत नाही, पण अमक्या वाडीतल्या अमक्या घरात कुणी गेले की आपल्याला सुतक लागते, हे पक्के ठाऊक असते. मूळ घर कोणते, गणपती कुठे बसतो, देवाकडे मान कुठल्या क्रमाने, कोणाचे देवक काय, या सगळ्यात वंशावळच असते. मॉरिशसच्या घरात एखाद्या देवाचे नाव जपलेले असेल, तर तेही खुणेचे ठरते. सातेरी आणि रवळनाथ गावोगावी आहेत, त्यावरून फारसे कळणार नाही. पण वेतोबाचे नाव निघाले तर आरवलीकडे, कुणकेश्वर निघाले तर देवगडकडे बोट जाते. ही माहिती साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसांकडे आहे आणि दरवर्षी कमी होते आहे.

गावच्या दप्तरात कोण नाही?

वरची यादी पुन्हा पाहा. जमीन असलेला, कर भरणारा, शाळेत गेलेला, तीर्थयात्रा परवडलेला, देवळात मान असलेला. गावाच्या स्मृतीत राहायचे तर यातले काहीतरी असावे लागत होते. गावऱ्हाटीत मानकऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या मोजली जातात. दुसऱ्याच्या वाफ्यात राबणारा गडी, होडीवरचा खलाशी, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती असा माणूस मात्र कुणी लिहून ठेवला नाही.

आणि समुद्रापार मजुरीला जाणाऱ्यांत अशाच माणसांचा भरणा होता. ज्यांचे पोट गावात भरत होते, त्यांना पाच वर्षांच्या करारावर परमुलखात ऊस तोडायला जाण्याचे कारण नव्हते. गेलेल्याला घरच्यांनी ‘परागंदा झाला’ म्हटले आणि विषय मिटवला.

इथे सगळे चित्र उलटे होते. ज्याला गावाने लिहिले नाही, त्याला मळ्याच्या मालकाने लिहिले, कारण मालकाला तो मोजून हवा होता. परिणामी दक्षिण कोकणातल्या अनेक भूमिहीन कुटुंबांच्या पूर्वजांची सर्वांत जुनी लेखी नोंद मालवण, कुडाळ किंवा रत्नागिरीत नसून मोका येथे असण्याची शक्यता आहे. बायकांच्या बाबतीत हे आणखी खरे. आपल्या बहुतेक घरगुती वंशावळींत मुलगे आणि नातू असतात; बाई असली तर कुणाची तरी बायको म्हणून. त्या वह्यांत मजूर बाईला स्वतःचा क्रमांक आहे, तिचे स्वतःचे नाव आहे. माणसाला मोजणारी ती व्यवस्था क्रूर होती, यात शंका नाही. पण तिने मागे ठेवलेला कागद आज आपल्या उपयोगाचा आहे.

म्हणून हा शोध एकतर्फी मानू नये. मॉरिशसचा माणूस गाव शोधत येतो, तेव्हा त्याच्या हातातल्या उताऱ्यात गावाच्याही इतिहासाचे हरवलेले पान असते. कोणत्या वर्षी, कोणत्या वाडीतून, कोणत्या जातीची किती माणसे गेली, हे कळले तर त्या काळचे दुष्काळ, कर, कर्ज आणि गावातली वागणूक यांबद्दल बरेच काही कळेल. मानकऱ्यांच्या वंशावळींतून ते कधीच कळणार नाही.

जमिनीची भीती किती खरी?

हा विषय निघाला की गावात पहिली शंका जमिनीची येते. बाहेरून आलेल्याला ‘तुमचे मूळ घर हेच’ असे सांगितले आणि उद्या त्याने हिस्सा मागितला तर? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कोकणातल्या एकेका सातबाऱ्यावर पन्नास-पन्नास नावे आहेत, त्यातली निम्मी वारलेल्यांची. मुंबईत असलेल्या चुलतभावाची सही मिळवता मिळवता लोक थकतात. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी सरकारला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली, यावरून या गुंत्याची कल्पना यावी.

पण कायद्याकडे पाहिले तर भीतीला फारसा आधार नाही. ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. कार्डामुळे कुठल्याही जुन्या जमिनीवर हक्क तयार होत नाही. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या, हक्कनोंदीत कधीच नाव नसलेल्या माणसाच्या सातव्या पिढीने आज हिस्सा मागणे आणि तो न्यायालयात टिकणे फार अवघड आहे. आणि वर म्हटल्याप्रमाणे गेलेल्यांपैकी अनेकांची जमीनच नव्हती.

तरीही नुसते ‘घाबरू नका’ म्हणून भागणार नाही. वंशशोधासाठी मिळालेली माहिती वारसहक्काचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे अर्जावरच स्पष्ट लिहून घ्यावे. नात्याचा कागद वेगळा, हक्काचा कागद वेगळा, हे गावाला दिसले तर दारे उघडतील.

दुसरी धास्ती जातीची. मोकाच्या वहीत जातीचा रकाना आहे, आपल्या नमुना १४ मध्येही आहे. तिथे घराण्याने एक सांगितलेले असते आणि वही दुसरेच दाखवते, असे होऊ शकते. हा रकाना सार्वजनिक सूचीत उघडा ठेवू नये. तो फक्त संबंधित कुटुंबाला मिळावा.

सरकारला हे जमण्यासारखे आहे का?

जमण्यासारखे आहे, कारण नुकतेच त्याहून मोठे काम करून दाखवले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यासाठी असलेले काम पुढे राज्यभर वाढले. तहसीलची दप्तरे, कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे बाहेर काढली गेली, मोडी वाचणारे शोधले गेले आणि ५० लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे जाहीर झाले. त्या आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू काहीही असो, एक गोष्ट सिद्ध झाली. इच्छा असली की धूळ खात पडलेले गठ्ठे काही महिन्यांत वाचता येतात.

सीमेपलीकडचे उदाहरण तर हाकेच्या अंतरावर आहे. तेरेखोल ओलांडले की गोव्यात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि पोर्तुगीज काळातली नागरी नोंदणी मिळते. त्या आधारावर हजारो गोवेकरांनी आपली जन्मनोंद पोर्तुगालमध्ये करून घेतली. दूरचे उदाहरण आयर्लंडचे. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये कॅथलिक पॅरिशच्या जुन्या नोंदवह्यांच्या प्रतिमा सर्वांसाठी मोफत ऑनलाइन ठेवल्या. अमेरिका-ऑस्ट्रेलियातले आयरिश वंशज गाव शोधत येतात, राहतात, खर्च करतात. सिंधुदुर्ग हा राज्याने पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केलेला जिल्हा. तारकर्लीचा समुद्र पाहायला येणाऱ्याइतकाच, आजोबांच्या आजोबांची वाडी पाहायला येणाराही पाहुणाच आहे.

काय करायला हवे?

पहिले काम स्थळनामांच्या सूचीचे. जुन्या इंग्रजी-फ्रेंच कागदांत गावाचे नाव कसकसे लिहिले गेले आणि आजचे गाव-वाडी कोणती, याची एक यादी. खर्च जवळजवळ नाही. मालवणच्या स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयासारख्या संस्थांचे विद्यार्थी मार्गदर्शकाच्या हाताखाली हे करू शकतात.

दुसरे, नावांची सूची. कुणबी शोधाच्या निमित्ताने जे दप्तर चाळले गेले, त्यातली नाव, बापाचे नाव, गाव आणि वर्ष एवढीच माहिती शोधता येईल अशा रूपात ठेवावी. काम एकदा झालेले आहे, ते वाया जाऊ देऊ नये.

तिसरे, जिल्हा प्रशासनाने पुराभिलेख संचालनालयामार्फत महात्मा गांधी इन्स्टिट्यूटशी बोलावे आणि रत्नागिरी, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले असा उल्लेख असलेल्या नोंदींची प्रत मागावी. आज शोध तिकडून इकडे होतो. ही यादी इथे आली तर इथल्या वाड्यांनाही आपले गेलेले लोक शोधता येतील.

चौथे, जिल्ह्यात एक खिडकी. एक मोडी जाणणारा माणूस, एक संगणक, ठरावीक शुल्क आणि लेखी उत्तर. ही सोय नसेल तर ती जागा दलाल घेतात. ‘आठ दिवसांत गाव आणि वंशावळ काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहावे, कारण खरा शोध आठ दिवसांत होत नाही आणि हवी तशी वंशावळ लिहून देणे अगदी सोपे असते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. अनेकांचा शोध तालुक्यापर्यंत जाईल, काहींचा गावापर्यंत, फार थोड्यांचा घरापर्यंत. खिडकीवरच्या माणसाने ‘गाव हेच असावे, घर सांगता येत नाही’ असे लिहून देण्याचे धाडस ठेवले पाहिजे. खोट्या घराच्या उंबऱ्यावर डोके टेकवायला लावण्यापेक्षा खऱ्या गावाच्या वेशीवर उभे करणे बरे.

सरकारी खिडकी उघडेपर्यंत थांबायची गरज नाही. चतुर्थीला चाकरमानी मूळ घरी जमतात तेव्हा मोबाइलवरच हे काम सुरू करता येते. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला चार गोष्टी विचाराव्यात : आपले सुतक कुठल्या कुठल्या घरांशी आहे, मूळ घर कोणते, कुणी गाव सोडून गेले आणि परत आले नाही असे कधी ऐकले का, आणि आजीच्या आजीचे नाव काय. उत्तरे रेकॉर्ड करावीत आणि लिहूनही ठेवावीत. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही. बाकीच्या तिघांची उत्तरे आज मिळतात. दहा वर्षांनी ती सांगणारे कुणी असेलच असे नाही.